मैदानातला ‘खाली’

५ ऑगस्ट १९८५

प्राचार्यांनी आज बोलावून घेतलं आणि फुटबॉल माझ्या गळ्यात बांधला. आधीचे टीम मॅनेजर बदली होऊन गेले, आता ते काम माझं. म्हटलं, सर, मी भूगोल शिकवतो, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, “औताडे, गोलच आहे ना ते, तुमच्या पृथ्वीसारखं.” स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि खरी गोष्ट सांगितली. आपला संघ गेली तीन वर्षं विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतो आहे. यंदाही तसंच झालं तर फुटबॉल बंद. मैदान क्रिकेटला जाईल, आणि खेळाडू म्हणून वसतिगृहात घेतलेल्या पोरांनी आपापल्या गावचा रस्ता धरायचा. ही अर्धी पोरं पैठण, शेंद्रा भागातली आहेत. वसतिगृह सुटलं की त्यांचं कॉलेजही सुटणार, हे सांगायला भूगोल लागत नाही.

जुने प्रशिक्षक हबीब चाऊस मे महिन्यात निवृत्त झाले. सगळं कॉलेज त्यांना उस्ताद म्हणतं. निजामाच्या पलटणीत ते फुटबॉल खेळत. पोलीस अ‍ॅक्शननंतर पलटण मोडली, ते कॉलेजात शिपाई म्हणून लागले आणि शिपाईगिरी करता करता पोरांना खेळ शिकवू लागले. आता त्यांच्या जागी कोल्हापूरहून इंगवले नावाचे गृहस्थ येत आहेत, सोबत त्यांचा चुलतभाऊ धोंडीराम, गोलकीपरला शिकवायला आणि पोरांना पळवायला. पॅव्हिलियनमागची उस्तादांची खोली खाली करून, चुना मारून त्यांच्यासाठी तयार ठेवली. मॅनेजर म्हणून हे माझं पहिलं काम.

९ ऑगस्ट

इंगवले आले. बुटके, मान जाड, चालताना बैल नांगराला जुंपल्यासारखे पुढे झुकतात. आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या नाल्यातली म्हैस उठून उभी राहिली. धोंडीराम अगदी उलट, लांबुडका आणि अबोल. पण इंगवले एका बाजूच्या रेषेवरून जे ओरडतील तेच तो दुसऱ्या बाजूने ओरडतो. पोरांच्या दोन्ही कानांची सोय झाली.

पोरांपुढे इंगवले म्हणाले, “आमच्याकडं पोरगं चालाय लागायच्या आदी लाथ मारतंय. तुमी उशिरा लागलाय, पन लागलाय. बास.” पोरं खूश झाली. कप्तान कडूबा पैठणकडचा, खांदे रुंद आणि बोलणं मोजकं. त्याने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, “सर, तुम्ही म्हणताल तसं करू. उस्ताद बी तेच सांगून गेलेत.”

मला बरं वाटलं. इतकं सोपं असेल तर मॅनेजर व्हायला हरकत नाही.

१९ ऑगस्ट

सोपं नाही. आज छावणीतल्या एका संघाशी सरावाचा सामना होता. आमच्यावर सहा गोल झाले, आम्ही एकही केला नाही. हरण्याचं मला एवढं वाटलं नाही, पण हरण्याची रीत पाहून डोकं बधीर झालं.

चेंडू आपल्याकडून निसटायच्या बेतात आला की इंगवले “खाली, खाली” ओरडतात. म्हणजे आता पुढे हुंदडू नका, आपल्या गोलकडे परत या. इतकं मलासुद्धा कळतं. धोंडीराम पलीकडून तेच ओरडतो. आणि हे ऐकल्याबरोबर आमची पोरं, बचावाची पोरं धरून, कानात वारं शिरल्यासारखी पुढे सुटतात. कुठे, तर जिकडे कोणीच नाही तिकडे. जिथे कोणीच नाही तिथे धावून काय मिळतं देव जाणे. मागे एकटा सांडू, आमचा गोलकीपर, हात पसरून उभा, आणि समोरून छावणीचे चारपाच जण आरामात येतात.

मध्यंतरात इंगवल्यांनी कडूबाला समोर घेतला. मी शेजारीच होतो.

“मी खाली म्हनलो का न्हाई?”

“व्हय सर.”

“तुला ऐकू आलं?”

“आलं ना सर.”

“मग गेलास खाली?”

“गेलो ना सर. समदेच गेलो.”

मला कडूबाचं नवल वाटलं. चांगल्या घरचा, पायावर डोकं ठेवणारा पोरगा, आणि तोंडावर खोटं बोलतो, तेही डोळ्याला डोळा भिडवून.

२१ ऑगस्ट

माझ्या वर्गात काल इंगवल्यांनी फळ्यावर धडा घेतला. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. आपला गोल फळ्याच्या तळाशी, समोरच्याचा वर. खडूने बाण काढून दाखवले. चेंडू गेला की सगळ्यांनी खाली यायचं, आपलं घर राखायचं. पोरं मन लावून ऐकत होती. फकिराने तर पुढे येऊन स्वतः बाण काढून दाखवले, एकही चुकला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मोसमी वारे इतक्या लवकर कळले असते तर मी धन्य झालो असतो.

आज मैदानात पुन्हा तेच. “खाली” म्हटलं की सगळे पुढे.

फळ्यावर कळतं, मैदानात कळत नाही. याचा अर्थ कळतं, पण करायचं नाही. मला तरी दुसरा अर्थ दिसत नाही.

२८ ऑगस्ट

माझ्या डोक्यात एक कल्पना आली होती. आमच्या मैदानाला नाल्याकडे उतार आहे. साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. पोरं शेतकऱ्यांची, त्यांना उतार पायाला कळतो. “खाली” म्हटल्यावर ती उताराकडे धावत असतील, आणि योगायोगाने समोरचा गोल त्याच बाजूला असेल. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी पाणसळ लावून उतार मोजून काढला. सारजाला, म्हणजे घरी बायकोला, सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं शिकून तुम्ही मैदान मोजीत बसलात?” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

काल गोल बदलून खेळवलं. पोरं आता चढाकडे धावली. उताराचा काही संबंध नाही. ही गोष्ट मी इंगवल्यांना सांगितली नाही, आणि कॉलेजात कोणालाच सांगणार नाही.

पण मैदान मोजताना दुसरंच एक लक्षात आलं. उस्ताद रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला कडुलिंबाखालच्या भिंतीवर येऊन बसतात. आत येत नाहीत, भिंतीवरच. सराव संपला की पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात, इलियास तर त्यांच्या गुडघ्याला टेकून बसतो. खाली मान घालून काहीतरी बोलणं चालतं. आम्ही जवळ गेलो की थांबतं.

मला हे आवडलं नाही.

७ सप्टेंबर

आणखी एक सामना, आणखी एक फजिती. गावातल्या क्लबची पोरं जाताना हसत गेली.

इंगवल्यांनी पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. मुंजाबा उलटी करून आला आणि पुन्हा धावायला लागला, कोणी हूं की चूं केलं नाही. नंतर इंगवले माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकला.

“सर, मला खरं सांगा. ह्या पोरास्नी मी नको हाय व्हय?”

मी म्हटलं, असं काही नाही.

“आवो, पळाय सांगितलं तर मरंस्तवर पळत्यात. पन खेळात माझं एक ऐकत न्हाईत. मानूस नको असला की असंच करत्यात. तोंडावर व्हय म्हनायचं आन मागनं सुरी चालवायची.” मग म्हणाले, “बायकोला, पोरीला आनायचं म्हनत हुतो दसऱ्याला. आता नगं.”

मी भिंतीकडे पाहिलं. उस्ताद बसलेच होते. माणूस वाईट नाही. पण आयुष्यभर जे हातात होतं ते एका दिवसात दुसऱ्याला दिल्यावर मनात काहीबाही येणारच. माझ्या मते पोरांचे कान तिथे भरले जातात.

१६ सप्टेंबर

पोळ्याला पोरं गावाला गेली होती, आज परत आली. कडूबाने इंगवल्यांसाठी आणि धोंडीरामसाठी डबाभर पुरणपोळ्या आणल्या, वर तुपाची बरणी. म्हणाला, “आईनं दिल्यात. म्हणली, परमुलखातलं माणूस आहे, सणाला एकलं असंल.”

इंगवल्यांनी डबा घेतला आणि धोंडीरामकडे दिला. मला तर कडूबाचा रागच आला. एका हाताने पोळ्या द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने माणसाला तोंडघशी पाडायचं, हे याच्या वयाला शोभत नाही. एवढी लबाडी कुठून शिकला कोण जाणे.

पोळ्या मात्र चांगल्या होत्या. मला दोन मिळाल्या.

१७ सप्टेंबर

हैदराबाद मुक्तिदिनानिमित्त कॉलेजात एका स्वातंत्र्यसैनिकांचं भाषण झालं. भाषणानंतर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. फुटबॉलचं काय चाललंय ते त्यांच्या कानावर गेलंच होतं. मी माझा संशय सांगितला. ते लगेच म्हणाले, “त्या म्हाताऱ्याला सांगा, मैदानाकडे येऊ नका म्हणावं. तुम्हीच जाऊन सांगा, तोंडी.”

मी हो म्हणालो. उस्ताद मागच्या रांगेत बसून भाषण ऐकून गेले होते. दर वर्षी येतात. जाताना मला हात करून गेले. नेमकी आजच ही कामगिरी माझ्याकडे यायला नको होती. जेवण गेलं नाही. सारजाने विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

१९ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

सकाळी इंगवल्यांना सांगितलं की संध्याकाळी मी उस्तादांकडे जाणार आहे आणि का जाणार आहे. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, “माझ्यापायी सांगनार, मग मी काय तोंड लपवून बसू? मी बी येतो.” नको म्हटलं तरी आले.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत उस्ताद मुलाकडे राहतात. आम्हाला पाहून म्हातारा इतका हरखला की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. चहा आला, मुगाची भजी आली. म्हणाले, “आप लोगां के घर में गणपती बैठे होंगे, इस वास्ते सादाच बनाने को बोला.” कालच चतुर्थी झाली. आमच्या घरी गणपती आहे हे त्यांच्या लक्षात होतं, आणि मी काय सांगायला आलो होतो.

मी दोनदा घसा खाकरला. पण मी बोलायच्या आधी तेच इंगवल्यांना म्हणाले, “कोच साब, बच्चे तकलीफ तो नै देते? मैं रोज दीवार पे बैठ के येइच बोलतौं. मैं गया, मेरा हुक्म गया. अब साब जो बोले वोइच करना, आँख मूँद के करना. और करते भी हैं. मैं देखतौं ना.”

म्हाताऱ्याने इंगवल्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. आप का खेल भौत हिम्मत का है. मैं इतना आगे कभी नै भेजा बच्चों को. मेरा कलेजा नै होता. पीछे कोई तो रखना, साब.”

इंगवल्यांचा चेहरा लाल झाला. मलाही वाटलं की म्हातारा घरी बोलावून टोमणा मारतो आहे. इंगवले उठलेच. मी हातातली भजी तशीच ठेवून मागे उठलो. सांगायचं होतं ते राहूनच गेलं, जीभच उचलली नाही.

बाहेर गणपतीची गर्दी. इंगवले तरातरा पुढे चालत होते, म्हटलं रिक्षाच करावी. एक रिक्षा आली, मी हात केला. “खाली है क्या?”

“खाली है, बैठो.”

मी बसलो. इंगवले बाहेरच उभे.

“ह्यो काय म्हनाला?”

“काही नाही. खाली आहे म्हणाला.”

“खाली म्हंजे?”

“म्हणजे रिकामी. चला, बसा.”

“ते मला बी ठावं हाय, शिनेमा बघतो मी. पन ती हिंदी झाली. मराठीत खाली म्हंजे खाली.” असं म्हणून त्यांनी बोटाने जमीन दाखवली.

“आमच्याकडे मराठीतही रिकाम्याला खालीच म्हणतात. रिक्षा खाली, खोली खाली, तांब्या खाली. जमिनीकडच्यालाही खालीच म्हणतात. काही अडत नाही.”

“आन मैदानात?”

“मैदानात काय?”

“मैदानात एकादी जागा मोकळी असली, तितं कुनी नसलं, तर ती काय?”

“खालीच,” मी म्हणालो. मला अजूनही काही कळलं नव्हतं, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

इंगवले एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं चक्कर आली. रिक्षावाला निघून गेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं की ते हसताहेत, आणि हसता हसता डोळे पुसताहेत. “गेलो ना सर, समदेच गेलो,” एवढंच त्यांना बोलता येत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तसेच माघारी उस्तादांकडे गेलो. म्हातारा दारातच उभा होता, पाहुणे का रुसले म्हणून कासावीस. इंगवल्यांनी विचारलं, उस्ताद, तुम्ही पोरास्नी ‘खाली’ म्हनलं की त्यांनी काय करायचं?

“खाली बोले तो जिधर कोई नै. उधर दौड़ने का. चालीस साल से येइच बोल रौं मैं. क्यों?”

“आन मी खाली म्हनतो तवा मला म्हनायचं असतंय, माघारी या.”

उस्तादांनी कपाळावर हात मारला. “या अल्ला. तो आप पीछे बुला रहे थे? और मैं समझा, क्या शेर आदमी आया है कोल्हापुर से.”

उरलेली भजी आम्ही तिघांनी संपवली. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं. तोंडातून ते वाक्य निघालं असतं तर त्या माणसाला मी पुन्हा तोंड दाखवू शकलो नसतो. जीव भांड्यात पडला म्हणतात ते आज कळलं. प्राचार्यांना उद्या सांगेन की उस्तादांना मैदानाकडे येऊ नका म्हणायची गरज नाही, उलट त्यांना आत बसवायचं आहे.

२० सप्टेंबर

पोरांना सांगितलं. आधी कोणालाच कळेना, मग सगळ्यांना एकदम कळलं. सांडू गोलच्या खांबाला धरून हसत बसला. इलियास म्हणाला, “तभीच मैं सोचूं, सर इतना खाली क्यों बोलते, कहीं खाली दिखता तो नै.” फक्त कडूबा हसला नाही.

“सर, तुम्हाला वाटलं आम्ही ऐकत नाय?”

“वाटलं,” इंगवले म्हणाले.

“आम्ही तर लई ऐकत होतो. मागं गोल व्हतोय ते दिसायचं ना सर. पण तुम्ही म्हणले म्हणून जायचो.”

इंगवल्यांनी त्याला जवळ ओढून पाठीत एक गुद्दा घातला. कोल्हापुरात माया अशीच करत असावेत. या पोराला मी महिनाभर लबाड समजत होतो.

मग शब्द कोणी बदलायचा यावर चर्चा. पोरं म्हणाली आम्ही बदलतो. इंगवले म्हणाले, “अकरा जनांनी बदलायचा का एकट्यानं? मी बदलतो. आजपासनं मी ‘मागं’ म्हननार.” धोंडीरामने मान हलवली आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. “जमंल का तुला?”

२९ सप्टेंबर

छावणीच्या त्याच संघाशी पुन्हा खेळलो. एक एक बरोबरी. जे सहा गोलांनी गाडून गेले होते त्यांना घाम फोडला. “मागं” म्हटलं की पोरं मागे येतात, आणि उस्तादांचं “खाली” ती आपापसात वापरतात. इलियासने गोल केला तो त्या खालीवरच.

एकच भानगड आहे. धोंडीराम म्हणाला ते खरं ठरलं. खेळ रंगात आला की इंगवल्यांच्या तोंडून जुना शब्द निसटतो. आज दोनदा निसटला, आणि आमच्यावर गोल झाला तो त्यामुळेच. ते म्हणतात, जन्माची सवय आहे, जीभ कापून ठेवू का. उस्तादांनी त्यांना सुपारी दिली, तोंड भरलेलं राहील म्हणून. सुपारी गिळून ओरडले.

५ ऑक्टोबर

स्पर्धेची पहिली फेरी आज आमच्याच मैदानावर झाली. समोर नांदेडकडचा संघ, अंगाने दांडगा. प्राचार्य खुर्ची टाकून बसले होते. क्रिकेटचे मॅनेजरही आले होते, मैदानाकडे घर बघायला आल्यासारखे पाहत होते. आमच्या बाकावर मी, इंगवले, आणि मध्ये उस्ताद. इंगवल्यांनी मला सांगून ठेवलं होतं की माझ्या तोंडात तो शब्द आला की माझा हात दाबा. हात दाबून दाबून माझी बोटं दुखायला लागली.

पहिल्या अर्ध्यात काही झालं नाही. दुसऱ्या अर्ध्यात कडूबाने लांब चेंडू टाकला, फकिराने “खाली” अशी हाळी दिली, आणि इलियास कोणाच्या ध्यानीमनी नसताना मोकळ्या जागेत घुसून गोल करून आला. मी उभा राहून काय ओरडलो ते मला आठवत नाही. उस्ताद म्हणतात, शिवी होती. शक्य आहे.

त्यानंतरचा वेळ संपता संपेना. नांदेडवाले सगळे पुढे आले. आमच्या पोरांना दुसरा गोल दिसायला लागला होता, ती हावरटासारखी पुढे जाऊन उभी राहिली. माझ्यासारख्या भूगोलवाल्यालाही दिसत होतं की मागे सांडू आणि मुंजाबा दोघेच आहेत. चेंडू रेषेबाहेर गेला. त्यांचा माणूस तो उचलून आत फेकायला वळला. आणि मी हात दाबायच्या आधीच इंगवले उठून आपल्या सगळ्या आवाजानिशी ओरडले, “खाली.”

पलीकडून धोंडीरामही ओरडला, “खाली.”

मी डोळे मिटले. सगळं संपलं, असंच वाटलं. पोरं पुढे सुटणार, मागे रान मोकळं, बरोबरी, मग हार, मग क्रिकेट, आणि कडूबा पेटी घेऊन पैठणच्या एसटीत बसलेला. क्षणभरात एवढं सगळं दिसलं.

पण धावण्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर आमची पोरं जिथल्या तिथे उभी होती. कडूबा मैदानाच्या मधोमध थांबून बाकाकडे तोंड करून विचारत होता, शांतपणे, वर्गात शंका विचारावी तसं.

“सर, कोणता खाली? तुमचा का उस्तादाचा?”

“माझा,” इंगवले छाती बडवून म्हणाले. “लेकरा, माझा.”

आणि पुढची नऊच्या नऊ पोरं वळली आणि आपल्या गोलपुढे येऊन भिंतीसारखी उभी राहिली. नांदेडवाल्यांनी शेवटपर्यंत डोकं आपटलं. सांडूने एक चेंडू पोटावर घेतला, मुंजाबाने एक तोंडावर घेतला. शिट्टी झाली तेव्हा उस्ताद माझ्या खांद्याला धरून उभे होते आणि मी त्यांच्या. मी रडलो. लाज वाटली नाही.

गर्दीत प्राचार्य आले. मैदान फुटबॉलचंच राहील, असं क्रिकेटच्या मॅनेजरांसमोर बोलले. पोरांची पाठ थोपटली, इंगवल्यांचा हात हातात घेतला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “औताडे, ते मधेच ‘कोणता खाली, माझा खाली’ काय चाललं होतं?”

मी म्हणालो, “सर, ते फुटबॉलमधलं आहे. असं लगेच नाही कळायचं.”